सही कोणाची?

परवा कळंगुटला एका टॅटूच्या दुकानात भाच्यासोबत गेलो होतो. मशीन चालवणारा मुलगा भला होता, हातही चांगला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "अंकल, आपल्याकडे ही कला आत्ता आली. आधी नुसतं गोंदण होतं." भाचा हसला. मला मात्र ते 'नुसतं' टोचले, सुईपेक्षा जास्त.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होते. म्हातारपणी कातडी सुरकुतली तरी त्याची रेघ मोडली नव्हती. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती म्हणायची. ती रेघ ओढणारी कोण होती, हे मी तिला कधी विचारले नाही.

हा प्रश्न मला सुचला तो फार उशिरा, आणि तोही परमुलखात. अजिंठा पाहून रजेचे दोन दिवस उरले होते, म्हणून मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला गेलो आणि तिथून जवळच्या फोपनारला. या गावात १९६४ साली बुद्धाच्या सात ब्राँझ मूर्ती सापडल्या. पाचव्या-सहाव्या शतकातल्या या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. त्यांतल्या काहींवर दान देणाऱ्याचा लेख कोरलेला आहे. मूर्ती ओतणाऱ्याचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. गावात चहा घेताना शेजारी एक म्हातारी बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. कोणी गोंदले, असे विचारले तर म्हणाली, "बाजाराला यायची एक बाई." नाव? "तिचं नाव कोण विचारतं, भाऊ?"

तिथेच सगळे कळले. दीड हजार वर्षांत आपली रीत बदललेली नाही. दात्याची नोंद होते, कारागिराची होत नाही!

मी सरकारी कारकून. आमच्याकडे सहीशिवाय कागद हलत नाही. म्हणून विचारतो, या बायकांची सही कुठे आहे? काम काय सोपे होते? दिव्याची काजळी धरायची, सुया एकत्र बांधायच्या आणि टोचायचे. वर राहिले तर रंग उडतो, खोल गेले तर फुटतो. मनगटाची कातडी वेगळी, दंडाची वेगळी. खोडरबर नाही. समोरची पोर रडते आहे, तरी ठिपक्याला ठिपका जुळला पाहिजे. एवढे जिला साधते तिला कलाकार म्हणायचे नाही, तर कोणाला?

आणि ज्या मशीनचा एवढा तोरा, ते तरी काय? एडिसनने १८७६ साली विजेच्या पेनाचे पेटंट घेतले, ते कचेरीतल्या कागदांच्या नकला काढण्यासाठी. त्यावरूनच न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये गोंदण्याचे यंत्र केले. म्हणजे मूळ हत्यार आमच्या कारकुनांचे! हत्याराने कला येत असती तर आमची कचेरी कलादालन झाली असती.

कोणी म्हणेल, लहान पोरींना धरून, त्यांना न विचारता गोंदायचे. सुया उकळायचे नाव नाही. त्याचे काय कौतुक? मान्य. त्या पोरींवर अन्यायच झाला. नव्या दुकानांतली नवी सुई आणि गिऱ्हाइकाची संमती, ही खरी सुधारणा आहे आणि ती हवीच. पण सुई स्वच्छ झाली म्हणून जुन्या हाताचे कसब खोटे ठरत नाही. त्याच दुकानात 'ट्रायबल' नावाने नक्षी विकली जाते. कुठली जमात, कोणाचा हात, याचा वहीत पत्ता नसतो. नक्षी घ्यायची आणि नाव टाकायचे, याला प्रेरणा म्हणत नाहीत.

वाट दुसरीही आहे. मध्य प्रदेशातल्याच दिंडोरी जिल्ह्याच्या मंगलाबाई मरावी यांनी आईकडून शिकलेले बैगा गोंदण कागदावर आणि कॅनव्हासवर आणले. प्रदर्शने झाली, आणि बाजारातली 'एक बाई' नावाने ओळखली गेली. आपल्या गोव्यात हे का होऊ नये?

माझी आजी गेली, माझी नोंद राहिली ती राहिलीच. तुमच्या घरात अजून एखादा हिरवा हात असेल, तर आज संध्याकाळीच शेजारी बसा. नक्षीचा फोटो काढा. आणि कोणी गोंदले, कुठून यायची, काय घ्यायची, नाव काय होते, हे विचारून लिहून ठेवा.