पिशवी वर, फोन उपडा

संध्याकाळच्या पावसात बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा घरीच स्क्रॅबलचा पट मांडावा, असं तुम्हालाही वाटत असेल. जरूर मांडा. फक्त टाइल्सची पिशवी मांडीवर ठेवून आत डोकावू नका. आपल्या शहरात कर्नाटक राज्य स्क्रॅबल संघटना आहे, स्पर्धाही होतात. स्पर्धेत टाइल काढताना पिशवी उंच धरतात, नजर दुसरीकडे ठेवतात आणि हात घालण्याआधी रिकामा तळवा समोरच्याला दाखवतात. यात अविश्वास कसला? संशयाला जागाच राहत नाही. २०१७ साली ब्रिटनच्या संघटनेने एका माजी राष्ट्रीय विजेत्यावर टाइल काढण्याचे नियम मोडल्याबद्दल ३ वर्षांची बंदी घातली. त्याने आरोप नाकारला, पण नाव जायचं ते गेलंच. १०० टाइल्समध्ये कोऱ्या फक्त २, तेव्हा मोह कशाचा होतो हे सांगायला नको.

खरी खडाजंगी होते ती ‘चॅलेंज’वरून. आपल्याकडे एका पटाभोवती तीन-तीन भाषा बसलेल्या असतात. पुण्याहून आलेल्या आजींनी ‘रोटी’ लावली, की “आजी, हे इंग्लिश नाही!” म्हणत नातवंडं टाइल्स उचलायला धावतात. थांबवा त्यांना. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत रोटी आहे, पुरी आहे, चपाती आहे. घी तर दोन स्पेलिंगांनी आहे, तीन अक्षरी आणि चार अक्षरी! म्हणून कोणता कोश चालेल ते डाव सुरू होण्याआधीच ठरवा. हरकत घेतली की दोघांनी मिळून कोश बघायचा. हरकत चुकीची निघाली, तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शब्द लावणाऱ्याला ५ गुण जास्त मिळतात. आजींचे ते ५ गुण वहीत लिहा, हसण्यावारी नेऊ नका.

गंमत म्हणजे, खोटा शब्द ठासून लावणं स्पर्धेत गुन्हा नाही. समोरच्याने हटकलं नाही, तर गुण तुमचे. बरोबरीच्या मित्राला खुशाल असं फसवा. आठ वर्षांच्या पोरासमोर? मी तरी नाही लावणार, ते पोर तो शब्द शाळेत जाऊन लिहील!

फोनवर अक्षरं टाकून शब्द शोधून घेणं मात्र निव्वळ रडीचा डाव. गावाकडचे आजोबा ऑनलाइन खेळत असतील, तर त्यांना तुमचा दुसरा फोन दिसत नाही. तिथे तर जास्तच जपा.

आणि पट आवरताना टाइल्स मोजून भरा. एकुलता एक ‘क्यू’ सोफ्याखाली गेलेला असतो.