सव्वा किलोचं छप्पर

तंबूचं पार्सल घरी आलं तेव्हा प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. मुलाने विचारलं, वजन किती? मेहुण्याने विचारलं, केवढ्याला पडला? अम्मीने विचारलं, "घरात पलंग आहे, पंखा आहे, मग कापडात झोपायला पैसे कशाला मोजलेस?" तिला उत्तर देण्याऐवजी मी तंबू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १ किलो २८० ग्रॅम. दोन माणसांचं छप्पर, तळ, काठ्या, खुंट्या, सगळं धरून. मी खूश झालो. हलकं म्हणजे चांगलं, अशी माझी तेव्हा साधी समजूत होती.

जूनमध्ये हिमाचलात जायचं ठरलं होतं. तिथं डोंगरावर फजिती होण्यापेक्षा घराजवळच तपासून घेऊ म्हणून मी गणेशपुरी निवडली. भिवंडीहून अंबाडी, पुढे वज्रेश्वरी आणि मग गणेशपुरी. लोक तिथं गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंदांच्या समाधीसाठी जातात, मी एका शिक्षक मित्राच्या माळावर तंबू ठोकायला गेलो. मे २०२५चा तिसरा आठवडा होता. मान्सूनची मुंबईत पोहोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच आला, आणि त्याआधी वळवाच्या पावसाने आमच्या ठाणे जिल्ह्याला चांगलंच झोडपलं होतं. तपासणीसाठी याहून वाईट, म्हणजे याहून चांगलं हवामान मिळालं नसतं.

तानसा नदीच्या काठी सपाट जागा होती. मित्राने साफ नाही म्हटलं. "रात्रीत पाणी वाढलं तर तुझा तंबू वैतरणेत सापडेल." म्हणून वरच्या माळावर गेलो. खालच्या अंगाला एक वीटभट्टी होती, तिच्याजवळ सात-आठ झोपड्या. मे महिन्यातली जमीन भाकरीच्या तव्यासारखी कडक. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक खुंट्या अर्ध्याच आत गेल्या, दोन वाकल्या. मी म्हटलं, चालेल.

साडेदहाला वारा सुटला आणि पाठोपाठ पाऊस. पहिला तासभर तंबूने उत्तम साथ दिली. काठ्या वाऱ्याबरोबर वाकायच्या आणि परत सरळ व्हायच्या. मग बाहेरचं कापड हळूहळू सैल पडू लागलं. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणलं जातं, हे मला कागदावर माहीत होतं. संध्याकाळी ढोलासारखं ताठ बसवलेलं कापड बाराच्या सुमारास ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. ते आतल्या जाळीच्या कापडाला चिकटलं आणि तिथून थेंब झिरपायला लागले. कडक जमिनीवर आपटलेलं पाणी चिखल घेऊन कापडाखालून आत उडत होतं. तंबूच्या आतल्या बाजूलाही पाणी होतं, पण ते पावसाचं नव्हतं. ते माझ्याच श्वासाचं आणि घामाचं, थंड कापडावर साचलेलं. वारा येऊ नये म्हणून मी सगळ्या खिडक्या बंद करून बसलो होतो ना!

दीड वाजता वरचा थर मऊ झाला आणि अर्ध्या रुतलेल्या खुंट्या एकामागून एक सुटल्या. वाऱ्याच्या बाजूचा कोपरा माझ्या अंगावर आला. मी चपला शोधल्या, झोपायची पिशवी काखेत मारली आणि तीनशे पावलांवर असलेल्या मित्राच्या ओटीवर जाऊन झोपलो. वहिनींनी चहा दिला. मित्र हसला.

सकाळी मी तंबूवर आणि कंपनीवर भरपूर चिडलो होतो. पिशवीवर छापलं होतं, बाहेरचं कापड १५०० मिलिमीटर, तळाचं ३००० मिलिमीटर. मला वाटायचं, हा पावसाचा आकडा आहे. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आपण अजून विसरलेलो नाही. मग १५०० म्हणजे त्या जुलैलाही पुरून उरेल, असा माझा हिशोब होता.

तो हिशोब चुकीचा होता. हे मिलिमीटर पावसाचे नाहीत, दाबाचे आहेत. कापडावर नळीत पाणी उभं करायचं आणि ते आरपार झिरपायला लागेपर्यंत किती उंच चढतं ते मोजायचं. ३००० मिलिमीटर म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅमचा दाब. आता माझं वजन ६८ किलो. ओल्या जमिनीवर मी तंबूत दोन गुडघ्यांवर टेकलो आणि एका गुडघ्याखाली समजा ५० चौरस सेंटिमीटर कापड आलं, तर दाब होतो ६८० ग्रॅम. दुपटीहून जास्त. म्हणजे पावसापेक्षा माझे गुडघेच तळातून पाणी आत ओढत होते. आकडा खोटा नव्हता. पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पिशवीवर कुठेच लिहिलं नव्हतं. वाऱ्याबद्दल तर एक अक्षर नव्हतं. वजन मात्र मोठ्या ठळक अक्षरांत.

ओला तंबू घेऊन घरी आलो. अब्बांनी गच्चीवर तो वाळत घालायला मदत केली. त्यांची चाळीस वर्षं भिवंडीत पावरलूमवर गेली, कापड दिसलं की त्यांचा हात आपोआप तिकडे जातो. त्यांनी ते उजेडात धरलं, अंगठ्याने ताणलं. "यातले हे बारीक चौकोन नक्षी नाहीत," ते म्हणाले. "मधून मधून जाड धागा टाकलाय. फाटलं तर फाटा पुढच्या चौकोनाला अडेल." मग विचारलं, किती डेनियर? मी सांगितलं, वीस. ते गप्प झाले. ९००० मीटर धाग्याचं वजन २० ग्रॅम, हा त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या मागावर साडीसाठीसुद्धा पंचाहत्तरचा धागा चालायचा. "विणणाऱ्याने कमाल केलीय," ते म्हणाले, "पण बेटा, वजन कुठून तरी काढूनच घेतलंय ना? जिथून काढलं तिथं तू काय ठेवणार?"

हा प्रश्न घेऊन मी चार दिवसांनी पुन्हा गणेशपुरीला गेलो. यावेळी जागा बदलली, बोडक्या माळाऐवजी करवंदीच्या जाळीच्या आडोशाला. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे केली. भट्टीवर जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकड्या विटा पडून होत्या. तिथल्या एका कातकरी दादांना विचारून दहा विटा आणल्या आणि ताणाच्या दोऱ्या खुंट्यांऐवजी त्यांना बांधल्या. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने बाहेर पडून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणल्या, झोपण्याआधी आणखी एकदा. वाऱ्याविरुद्धच्या बाजूची वरची खिडकी उघडी ठेवली. तळावर जाड चटई घातली. पाऊस पहिल्या रात्रीइतकाच होता, वारा किंचित कमी. सकाळी तंबू उभा होता आणि मी बऱ्यापैकी कोरडा.

तेव्हा न्यायाने सांगायचं तर तंबू पास झाला. हलका तंबू वाईट हवामानात टिकतो. पण त्यातून काढून घेतलेलं वजन आपल्याला दुसरीकडून भरून द्यावं लागतं. जागेची निवड, ताण, रात्री दोनदा उठायची तयारी, आणि दहा विटा. सव्वा किलोच्या तंबूला पंचवीस-तीस किलोचा आधार लागला! यात शेवटची गोष्ट मी पहिल्या रात्री न मोजताच वापरली होती, तीनशे पावलांवरची ओटी. जे हलकं छप्पर विकतात ते गृहीत धरतात की घेणाऱ्याला मागे कुठेतरी जड छप्पर आहे.

आणि इथंच माझी तपासणी माझ्या हातून निसटली. विटा परत द्यायला भट्टीवर गेलो, तर त्या दादांची बायको झोपडीवरचा प्लॅस्टिकचा कागद सारखा करत होती. बिनमातीच्या विटांच्या कंबरभर भिंती, वर बांबू, त्यावर कागद, कागदावर दगड. दिवाळीनंतर आलेली ही कुटुंबं पावसाच्या तोंडाशी परततात. त्या वर्षी पाऊस आधी आला, कच्च्या विटांचा चिखल झाला आणि त्या चिखलाशेजारी माणसं सहा-सात रात्री बसून होती. माझ्या तंबूच्या सगळ्या उणिवा त्यांच्या खोपटात होत्या. कागद सैल पडत होता, पाणी खालून येत होतं, वारा कोपरा उचलत होता. फरक इतकाच की तीनशे पावलांवर त्यांची ओटी नव्हती.

दादा माझ्याबरोबर माळावर आले. त्यांनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "दादा, हे किती दिवस टिकतं?"

वजन नाही, किंमत नाही. किती दिवस. मला खरं उत्तर द्यायची लाज वाटली. नायलॉन उन्हात रोज ठेवलं तर कमजोर होत जातं. आपल्याकडच्या दमट उकाड्यात पाणी अडवणारा लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतो. हा तंबू दहा-पंधरा रात्रींसाठी आणि मग वाळवून, घडी करून कपाटात ठेवण्यासाठी बनलेला आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामाला तो त्यांच्या कागदापेक्षा महाग आणि फार तर थोडा बरा ठरला असता.

याच दिवसांत माझी खाला हजला गेली होती. फोनवर मी तिला तंबूची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "मग मीही तंबूतच राहणार आहे." मिनामध्ये एक लाखाहून जास्त तंबू आहेत. पण ते आता नावाचेच तंबू. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनात आग लागली, सुमारे ७० हजार तंबू जळाले आणि ३४३ यात्रेकरू गेले. त्यानंतर तिथं काचतंतूंचे, टेफ्लॉनचा लेप दिलेले, आग न धरणारे, कायम उभे राहणारे तंबू आले. मुक्काम मोजून चार-पाच दिवसांचा, तरी तिथं हलक्या, स्वस्त कापडावर भागवायचं नाही असं ठरलं. पण त्यासाठी आधी इतकी माणसं जावी लागली.

कुरआनातल्या सूरह नहलच्या ८०व्या आयतीत तंबूचा उल्लेख आहे. प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या दिवशी हलके वाटणारे, जनावरांच्या कातड्याचे तंबू. पण त्याच आयतीत तंबूच्या आधी घर येतं, माणसाला जिथं स्वस्थता मिळते ते. मी ही आयत अनेकदा ऐकली आहे, हा क्रम गणेशपुरीच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा लक्षात आला. हलकेपणा ही प्रवाशासाठी नेमत आहे. ज्याचा प्रवास संपल्यावर घर येत नाही त्याला हलकं छप्पर देऊन मोकळं होणं, ही आपली सोय आहे.

आणि मी स्वतःला यातून वगळत नाही. जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा आम्ही मित्रांनी वर्गणी काढून ताडपत्र्या पाठवल्या. ते चुकलं नाही, पहिल्या आठवड्यात ताडपत्रीच लागते. पण आम्ही किती पाठवल्या ते मोजलं, फोटो काढले आणि विषय संपवला. त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकल्या का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आमचं मोजमाप पिशवीवरच्या वजनासारखंच होतं.

म्हणून माझं म्हणणं दोन जणांसाठी आहे. ज्यांना डोंगरात जायचं आहे त्यांनी हलका तंबू खुशाल घ्यावा, पण आधी घराजवळच्या पावसात एक रात्र काढावी आणि वजनासोबत त्याला लागणाऱ्या विटाही मोजाव्यात. आणि जे दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर देतात, मग ते भट्टीचे मालक असोत, सरकार असो की आमच्यासारखे वर्गणीवाले, त्यांनी रात्री मोजाव्यात. दहा रात्री असतील तर कापड चालेल. सहा महिने असतील तर हातभर उंच जोतं, भोवती पाण्याला चर आणि वर पत्रा, इतकं तरी हवंच. ज्या जागी लाखो विटा भाजल्या जातात तिथं सात-आठ जोती बांधायला वीट कमी पडते, हे मला पटत नाही.

हिमाचलला जाऊन आलो. तंबू टिकला. आता तो घडी करून कपाटात आहे, अब्बांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण वाळवून. पिशवीवरचं वजन ठळक अक्षरांत तसंच आहे. त्याच्या खाली मी पेनने लिहून ठेवलंय: किती दिवस?