उसनी शुद्ध, रिकामी खाट

दुर्बिणीतून जठर तपासताना रुग्णाला पुष्कळदा मिडाझोलामची गुंगी देतात. तपासणी काही मिनिटांत आटोपते. गुंगी मात्र रेंगाळते. ती उतरविणाऱ्या फ्लुमाझेनिलला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. श्वास मंदावलेल्या रुग्णासाठी हे औषध हाताशी असलेच पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो खाट लवकर रिकामी व्हावी म्हणून ते सरसकट टोचण्याविषयी.

त्यामुळे रांगेतील अधिक गरिबांचा नंबर लागेल, असा युक्तिवाद होईल. तो फसवा आहे. फ्लुमाझेनिल गुंगीचे औषध शरीराबाहेर काढीत नाही. मेंदूतील त्याची जागा तेवढी अडविते. रक्तातील फ्लुमाझेनिल सुमारे तासाभरात निम्म्यावर येते. मिडाझोलाम त्याहून अधिक काळ टिकते. म्हणजे रुग्णालयात जागा झालेला माणूस एस.टी.त पुन्हा गुंगू शकतो. देखरेखीचा खर्च वाचला, असे हिशेबनीस म्हणेल. वस्तुतः तो रुग्णाच्या घरावर ढकललेला असतो.

इंग्लंडमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ साली फ्लुमाझेनिलच्या वापराची नियमित तपासणी करावयास सांगितले. कारण त्याचा अधिक वापर हे मुळात गुंगीच जास्त दिली जात असल्याचे लक्षण होय. आपल्या रुग्णालयांतही अशी नोंद ठेवावयास कार्यकर्त्यांनी भाग पाडले पाहिजे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाट आणि परिचारिकेची देखरेख मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी खाटा व परिचारिका वाढवाव्या लागतील. कुपीतील औषधाने ती उणीव भरून निघणार नाही.