पट्ट्यावरची ई-सायकल : निवड करताना दुरुस्तीचा विचार आधी हवा

युरोपात विद्युत सायकल आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. जर्मनीत २०२३ मध्ये सुमारे २१ लाख विद्युत सायकली विकल्या गेल्या आणि नव्या सायकलींच्या विक्रीत त्यांचा वाटा प्रथमच निम्म्याच्या पुढे गेला. नेदरलँड्समध्ये तर २०२० मध्येच विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी जवळपास निम्म्या विजेच्या होत्या. कामावर जाणे, मुलांना शाळेत पोहोचवणे आणि बाजारहाट करणे यांसाठी मोटारीऐवजी या सायकलीवर विसंबणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. साहजिकच, कोणती सायकल घ्यावी हा प्रश्न तेथे घरखर्चाच्या महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक बनला आहे.

या बाजारपेठेच्या वरच्या स्तरात एक विशिष्ट रचना लोकप्रिय ठरली आहे. साखळीऐवजी पट्टा आणि मागच्या चाकाच्या हबमध्ये पायऱ्या नसलेला, सलग बदलणारा गिअर, अशी ही जोडी आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या गॅझेल या डच कंपनीची 'अल्टिमेट सी ३८०' ही सायकल त्याचे ठळक उदाहरण मानता येईल. तेल नको, गंज नाही, गिअरचा खडखडाट नाही, असे या रचनेचे आकर्षण आहे. मात्र हे आकर्षण कितपत टिकाऊ आहे, याचा निर्णय सायकल किती सुरळीत चालते यापेक्षा ती बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, यावर अवलंबून आहे.

रचना कशी आहे?

पिठाच्या गिरणीतला पट्टा आपल्या परिचयाचा आहे. सायकलीचा पट्टा मात्र दातेरी असतो आणि त्याच्या अंगात कार्बन तंतूंचे दोर असतात. त्यामुळे तो घसरत नाही व सहसा ताणला जात नाही. अमेरिकेतील गेट्स ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी आहे. साखळी काही हजार किलोमीटरनंतर बदलावी लागते. नीट जुळवलेला पट्टा त्याच्या कितीतरी पट अधिक अंतर टिकतो, असा अनुभव आहे. पाऊस आणि खाऱ्या हवेच्या प्रदेशात हा लाभ विशेष जाणवतो.

परंतु पट्टा साखळीसारखा एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवता येत नाही. म्हणून गिअर चाकाच्या हबमध्येच बसवावे लागतात. तेथे दोन पर्याय आहेत. पहिला, शिमानो किंवा रोहलॉफ यांसारख्या कंपन्यांचा ठरावीक पायऱ्यांचा हब. दुसरा, एन्व्हिओलो या नावाने ओळखला जाणारा, पूर्वी न्यूव्हिंची म्हणून परिचित असलेला सलग बदलणारा हब.

या दुसऱ्या प्रकारात दातेरी गिअर नसतात. दोन कड्यांच्या मध्ये फिरणारे पोलादी गोळे असतात. गोळ्यांचा आस कलला की कडी त्यांना ज्या जागी टेकतात ती जागा बदलते, आणि त्याबरोबर वेगाचे प्रमाणही बदलते. गोळे आणि कडी यांच्यामध्ये एका विशिष्ट द्रवाचा पातळ थर असतो. प्रचंड दाबाखाली तो क्षणभर घट्ट होऊन जोर पुढे पोहोचवतो. सायकल उभी असतानाही, केवळ हँडलची मूठ फिरवून, प्रमाण बदलता येते. सिग्नलपाशी थांबणाऱ्या सायकलस्वाराला ही सोय मोलाची वाटते.

सलग बदलणाऱ्या गिअरची कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये याच तत्त्वावरची मोटार सादर केली होती, आणि भारतात १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडाने ते तत्त्व घरोघरी पोहोचवले. फरक एवढाच, की त्या वाहनांत पट्टाच कमी-अधिक व्यासावर सरकून वेग बदलत असे. सायकलीत पट्टा केवळ जोर वाहून नेतो. बदल हबच्या आत घडतो.

तीनशे ऐंशी टक्क्यांचा अर्थ

वर उल्लेखिलेल्या सायकलीच्या नावातील ३८० हा आकडा टक्केवारी दर्शवतो. सर्वांत जड गिअर हा सर्वांत हलक्या गिअरच्या ३.८ पट असतो. समजा, चढावर पाय आरामात फिरत असताना हलक्या गिअरमध्ये ताशी ७ किलोमीटर वेग मिळतो. पाय त्याच गतीने फिरत राहिले, तर जड गिअरमध्ये सुमारे साडेसव्वीस किलोमीटर मिळतील. युरोपीय नियमांनुसार सर्वसाधारण विद्युत सायकलीच्या मोटरचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबते. म्हणजे शहरी वापरासाठी ही व्याप्ती पुरेशी ठरते. याच हबच्या ३१० टक्के व्याप्तीच्या प्रकारात मात्र हाच हिशेब पावणेबावीस किलोमीटरवर येतो, आणि चढ किंवा वेग यांपैकी एकात तडजोड करावी लागते.

तुलनेसाठी, शिमानोच्या आठ गिअरच्या हबची व्याप्ती ३०७ टक्के, अकरा गिअरच्या अल्फिनेची ४०९ टक्के आणि रोहलॉफच्या चौदा गिअरच्या हबची ५२६ टक्के आहे. नेदरलँड्सच्या युरोपातील भूभागाचे सर्वोच्च स्थान अवघे ३२२ मीटर उंचीचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. सपाट देशात जी रचना आदर्श ठरली, ती डोंगराळ प्रदेशात तशीच ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

या सोयीची किंमतही आहे. द्रवाच्या थरातून जोर नेताना दातेरी गिअरपेक्षा अधिक ऊर्जा वाया जाते. सपाटीवर मोटर ही तूट भरून काढत असल्याने स्वाराला ती फारशी जाणवत नाही. पण बॅटरीला जाणवते. तसेच बॅटरी संपल्यावर सुमारे अडीच किलो वजनाच्या या हबसह जड सायकल केवळ पायांनी रेटणे कष्टाचे असते.

खरेदीपूर्वीचे निकष

पहिला निकष मोटरचे स्थान हा आहे. गिअरचा हब मागच्या चाकात असल्याने मोटर तेथे बसू शकत नाही. ती पायडलपाशी किंवा पुढच्या चाकात असावी लागते. मोटर पायडलपाशी असेल, तर तिचा सगळा जोर पट्टा आणि हबमधून जातो. बॉश कंपनीच्या मोटरींचा जोर ४० न्यूटन-मीटरपासून ८५ व त्यापुढेही असतो. म्हणून शहरी, प्रवासी आणि मालवाहू असे हबचे वेगवेगळे प्रकार बनवले जातात. दोन मुले बसवून न्यायची असतील, तर मालवाहू वापरासाठीचाच हब आहे याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

दुसरा निकष फ्रेमचा. पट्टा साखळीसारखा जोडातून उघडता येत नाही. तो बसवण्यासाठी फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात उघडणारा सांधा असावा लागतो. साध्या फ्रेमवर पट्टा नंतर बसवू, हा विचार त्यामुळे बहुधा निष्फळ ठरतो. पट्ट्याचा ताण आणि दोन्ही दातेरी चक्रांची सरळ रेषा जुळलेली असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पट्टा मुडपला किंवा पिळला गेला तर आतील तंतू तुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

तिसरा निकष पंक्चरचा. क्षुल्लक वाटणारे हे काम या सायकलीत सोपे नाही. मागचे चाक काढताना गिअरची जोडणी सोडवावी लागते आणि पुन्हा बसवताना पट्ट्याचा ताण तपासावा लागतो. पंक्चरला दाद न देणारे टायर निवडणे हाच यावरील व्यवहार्य उपाय आहे. गिअर आपोआप बदलणारी विजेवरची प्रणाली घेतल्यास सोय वाढते. परंतु बिघडू शकणारा एक भागही वाढतो.

व्हॅनमूफचा धडा

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न कंपनीच्या आयुष्याचा आहे. ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही गाजलेली कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर घोषित झाली. तिच्या सायकलींत पट्टा नव्हता, पण अनेक सुटे भाग केवळ त्या कंपनीचेच होते आणि सायकलीचे काही व्यवहार मोबाइलवरील ॲपशी बांधलेले होते. दुरुस्तीसाठी दिलेल्या सायकली आणि आगाऊ भरलेले पैसे अडकल्याने ग्राहक हवालदिल झाले. ऑगस्टअखेर नवा मालक मिळाला. परंतु साध्या सायकल दुकानात ज्या वाहनाला हात लावता येत नाही, त्याची हमी कागदावरच राहू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

सलग बदलणाऱ्या हबच्या बाबतीतही ही जोखीम निव्वळ काल्पनिक नाही. तो विकसित करणारी फॉलब्रूक टेक्नॉलॉजीज ही अमेरिकी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली आणि त्यानंतर व्यवसाय एन्व्हिओलो या नावाने पुढे चालला. हब बंदिस्त असल्याने तो बिघडल्यास बहुधा उघडून दुरुस्त केला जात नाही, सबंध बदलला जातो. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत, फेब्रुवारी २०२७ पासून अशा वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता यावी, असे बंधन घातले आहे. बॅटरीपुरता तरी हा प्रश्न धोरणकर्त्यांनी ओळखला आहे, असे म्हणता येईल.

भारतातील स्थिती

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरचे साहाय्य थांबणारी सायकल नोंदणीच्या कक्षेबाहेर राहते. मात्र येथील बहुतांश ई-सायकलींची मोटर मागच्या चाकातच असते आणि जोर साखळीने जातो. अशा सायकलीत सलग बदलणारा हब बसण्याचा प्रश्नच येत नाही. एकच गिअर आणि पट्टा ही जोडी मात्र शक्य आहे, आणि कोकण किंवा केरळसारख्या पावसाळी प्रदेशातील सपाट रस्त्यांवर ती उपयुक्त ठरू शकते.

परदेशातून पट्टा व हब असलेली सायकल आणू इच्छिणाऱ्यांनी मात्र अंतर आणि चढ यांच्या आधी तीन गोष्टींची चौकशी करावी : सुटा पट्टा येथे मिळेल का, हबची हमी येथे पाळली जाईल का, आणि मागचे चाक काढून बसवणारा माहीतगार कारागीर आपल्या गावात आहे का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर ही रचना रोजच्या देखभालीचा बराचसा त्रास वाचवील. तसे नसेल, तर चौकातल्या दुकानात अर्ध्या तासात बदलून मिळणारी साखळी हीच अधिक भरवशाची निवड ठरेल.