चॅटजीपीटीमुळे मेंदू ‘बंद’ पडतो? रीलमधल्या लाल-निळ्या मेंदूचा खरा अर्थ

मागच्या आठवड्यात रात्री अकरा वाजता मावसभावाचा मेसेज आला. सोबत एक रील. डावीकडे लालभडक मेंदू, उजवीकडे निळा पडलेला. खाली कॅप्शन: ‘चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा ब्रेन स्कॅन’. भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, नोट्ससाठी रोज एआय वापरतो. त्याचा प्रश्न एका ओळीचा: “दादा, माझा मेंदू गेला का आता?”

नाही गेला. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भीती जात नाही, म्हणून जरा नीट बघूया.

अभ्यास खरा, कॅप्शन चुकीचं

अशा रील्सच्या मागे बहुतेक वेळा एमआयटी मीडिया लॅबचा जून २०२५ मधला अभ्यास असतो. त्यात ५४ जणांना निबंध लिहायला सांगितले. एका गटाला चॅटजीपीटी दिलं, दुसऱ्याला सर्च इंजिन, तिसऱ्याला काहीच नाही. लिहिताना डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी होती. एआय गटाच्या मेंदूच्या भागांमधली कनेक्टिव्हिटी सगळ्यात कमी दिसली. त्या गटातल्या बहुतेकांना आपल्याच निबंधातलं वाक्य नीट सांगता आलं नाही.

ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे. पण ती टोपी म्हणजे ईईजी. मेंदूतले विजेचे सिग्नल त्या क्षणी कसे चाललेत, एवढंच ती मोजते. मेंदू आकसला की खराब झाला, हे ती सांगूच शकत नाही. रिक्षात बसल्यावर पायाचे स्नायू कमी काम करतात, म्हणून पाय निकामी झाले असं आपण म्हणतो का? आयुष्यभर रिक्षानेच फिरलो तर काय होईल, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर या अभ्यासात नाही. गट बदलून घेतलेल्या शेवटच्या फेरीत तर फक्त १८ जण होते. शिवाय इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच हा पेपर ऑनलाइन टाकला होता. ‘ब्रेन रॉट’, ‘डॅमेज’ असले शब्द वापरू नका, असं खुद्द संशोधकांनीच सांगितलं होतं.

मग खरा ब्रेन स्कॅन काय दाखवतो?

एमआरआय मशीन एकच, पण त्यातून तीन वेगळ्या गोष्टी बघता येतात.

पहिली, रचना. कुठला भाग केवढा, कुठे गाठ आहे का. डॉक्टर आपल्याला बहुतेक वेळा हाच एमआरआय काढायला सांगतात.

दुसरी, जोडणी. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेने जास्त सहज सरकतं. ती हालचाल मोजून तंतूंच्या मार्गांचा नकाशा बनवतात.

तिसरी, काम. याला एफएमआरआय म्हणतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की हा फरक एमआरआयमध्ये पकडता येतो. म्हणजे एफएमआरआय थेट विचार बघत नाही, रक्तपुरवठा बघतो. तोही काही सेकंद उशिराने.

आणि रंग? ते सॉफ्टवेअर भरतं. लाल म्हणजे मेंदू ‘पेटला’ असं नाही. तिथला आकडा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला, एवढाच त्याचा अर्थ.

मेलेला मासाही ‘विचार’ करतो!

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. माशाच्या मेंदूत चक्क ‘हालचाल’ दिसली. कारण गणितात आहे. स्कॅनमध्ये हजारो छोटे ठोकळे असतात आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी होते. एका ठोकळ्यात चूक व्हायची शक्यता हजारात एक धरली, तरी लाखभर ठोकळ्यांत शंभर चुका निघणारच. ही चूक दुरुस्त करणारं गणित लावलं, आणि मासा परत मेला. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं.

२०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला एक अभ्यास याहून गंभीर आहे. सुमारे ५०,००० जणांचे स्कॅन तपासून त्यात सांगितलं की मेंदूची रचना किंवा जोडणी आणि माणसाची बुद्धी-वागणूक यांचा संबंध लावायचा असेल, तर हजारो माणसं लागतात. अशा अभ्यासांत साधारण २५ जण घ्यायची पद्धत होती!

म्हणून डॉक्टरांनी काढलेल्या एमआरआयवर शंका घेऊ नका. गाठ किंवा स्ट्रोक शोधणं वेगळं, आणि ‘मोबाईलवाल्यांचा मेंदू असा असतो’ म्हणणं वेगळं.

फॉरवर्ड करण्याआधी

तीनच प्रश्न विचारा. मोजलं कशाने: ईईजी की एमआरआय? माणसं किती होती? आणि फरक त्या क्षणाचा होता की कायमचा? रीलमध्ये याची उत्तरं नसतील, तर ते चित्र निव्वळ सजावट समजा.

भावाला मी एवढंच सांगितलं: आधी उत्तर स्वतः लिही, मग एआयकडून तपासून घे. त्या १८ जणांत आधी स्वतः लिहून नंतर एआय हाताळलेल्यांना आपलं लिखाण जास्त आठवत होतं. पुरावा छोटा आहे, पण करून बघायला पैसे लागत नाहीत. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तसंही मोबाईल बाहेरच ठेवावा लागतो.