दिवा कोणासाठी?

मित्रांनो, थंडी आली की दिवस लहान होतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मे महिन्याच्या अखेरीस पुण्यात सूर्य सात वाजल्यानंतर मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र तो सहाच्या आतच गुडूप होतो. आणि जानेवारीच्या मध्यावर उगवतो तो सात वाजून गेल्यावर! शाळेची आणि क्लासची वेळ काही बदलत नाही. मग सकाळी सातची शाळा गाठणारे आणि संध्याकाळी क्लासहून परतणारे, दोघांचीही सायकल अंधारात चालते.

आता सांगा बरं, सायकलला दिवा कशासाठी लावायचा? "रस्ता दिसायला!" असं तुम्ही चटकन म्हणाल. पण हे झालं अर्धं उत्तर. शहरातल्या रस्त्यावर खांबांवर दिवे असतात, रस्ता दिसतोच. तिथे दिव्याचं मोठं काम वेगळं. आपण दुसऱ्यांना दिसायला हवं ना!

थोडं गणित करू. ताशी ५४ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर पुढे सरकते. तुम्ही दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ब्रेक दाबल्यावरही गाडी आणखी पंधरा-वीस मीटर जातेच. म्हणजे तीस-पस्तीस मीटर आधीच तुम्ही दिसायला हवेत. क्रिकेटच्या दीड खेळपट्ट्यांहून जास्त अंतर झालं हे! निळा स्वेटर आणि काळं दप्तर इतक्या लांबून अंधारात कसं दिसणार?

म्हणून पैसे थोडेच असतील, तर आधी मागचा लाल दिवा घ्या. मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही, तेव्हा तिलाच आपण दिसलेलं बरं. दिवा सीटखालच्या दांड्यावर लावताना कॅरिअरवरचं दप्तर त्याच्या आड येत नाही ना, हे नक्की बघा. नाहीतर दिवा आपला दप्तरालाच उजेड दाखवत बसायचा!

मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टरही महत्त्वाचा. त्याच्या आत एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठभागांचे चिमुकले कोपरे असतात. प्रकाश कुठूनही आला, तरी ते त्याला आल्या वाटेने परत पाठवतात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावर असेच कोपरे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यांवरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं! रिफ्लेक्टरला सेल लागत नाही. पण त्याच्यावर गाडीचा झोत पडला, तरच तो चमकतो. शिवाय चिखलाने माखला की गेला कामातून. म्हणून दर रविवारी तो पुसायचा आणि जोडीला दिवाही हवाच.

पुढचा दिवा पांढरा हवा. खांबांवर दिवे असलेल्या रस्त्याला साधारण शंभर ल्युमेनचा पुरतो. गावाकडच्या अंधाऱ्या रस्त्यावर खड्डाही दिसायला हवा, तिथे तीनशेच्या आसपासचा घ्या. तोंड मात्र थोडं खाली असू द्या. समोरच्याचे डोळे दिपले, तर त्याला तुम्ही दिसणार कसे?

आजीआजोबांना डायनॅमोबद्दल जरूर विचारा. चाकाच्या टायरला घासून तो फिरायचा आणि वीज तयार व्हायची. सेलचा खर्च नाही, पण सायकल थांबली की दिवाही विझला! आताचे एलईडी दिवे थोड्या विजेत भरपूर उजेड देतात. त्यामागे निळ्या एलईडीचा शोध आहे. त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. असा दिवा चार्ज करायचा वार मात्र ठरवून ठेवा. वाटेत विझलेला दिवा काय कामाचा?

तर मंडळी, आज संध्याकाळी एक प्रयोग करा. गाड्या नसतील अशा मोकळ्या मैदानात आईला किंवा बाबांना बरोबर न्या. दप्तर लावून, दिवे पेटवून सायकल उभी करा. मग पन्नास पावलं मागे जाऊन आधी आईबाबांनी बघायचं, नंतर तुम्ही. पुढूनही बघा, दोन्ही बाजूंनीही बघा. जिथून सायकल दिसणार नाही, तिथे काय कमी आहे ते तुमचं तुम्हांलाच कळेल. मग दुकानात जा!