धूर ट्रॅक्टरचा, उतारा उसाचा!

दोस्तांनो, उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत ट्रॅक्टर निघालेला असतो. चढ आला की तो मेटाकुटीला येतो आणि नळकांड्यातून भसाभसा काळा धूर! मागची सायकलवाली मुलं नाकाला रुमाल लावतात. गंमत म्हणजे, या धुरावरचा थोडासा उतारा त्या ट्रॉलीतच भरलेला असतो. कसा, ते बघू या.

आधी धूर का होतो? डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच! या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पण फवाऱ्याच्या मधोमध डिझेलची गर्दी आणि हवेची टंचाई! तिथल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि त्याची काजळी होते. चढावर जास्त डिझेल जातं, हवा अपुरी पडते, म्हणून धूर आणखी काळा. काजळीचे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. म्हणजे प्रश्न नुसता शर्ट मळण्याचा नाही, बरं का!

आता रॉकेलची चिमणी आठवा. आठवत नसेल तर आजीला विचारा. तिच्यावर बशी धरली की काळीकुट्ट होते. शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यावर धरलेली परीक्षानळी मात्र जवळजवळ स्वच्छ राहते. असं का? रॉकेल आणि डिझेल यांत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात. स्पिरिटमधल्या इथेनॉलमध्ये मात्र वजनाच्या सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे हा गडी घरूनच डबा घेऊन निघालेला! बाहेरची हवा थोडी कमी पडली तरी त्याचं भागतं.

हे इथेनॉल येतं उसापासून. साखर काढल्यावर उरलेली मळी आंबवून ते करतात. आपल्या शेजारच्या मिरजेत 2001 साली 5 टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलची चाचणी झाली होती.

मग तेच डिझेलमध्ये का ओतत नाहीत? कारण या दोघांचं फारसं जमत नाही. थोडं पाणी शिरलं की ते वेगळे होतात. शिवाय नुसत्या दाबानं इथेनॉल सहज पेटत नाही. नागपुरात 2014 साली इथेनॉलवर धावणारी बस आली. तिचं डिझेल-पद्धतीचं इंजिन खास बनवलेलं होतं आणि इंधनात पेट घ्यायला मदत करणारं द्रव्य घालावं लागे. ती सेवा पुढे बंद झाली.

डिझेलशी पटकन जमतं ते बायोडिझेलचं. वनस्पतींच्या तेलापासून, अगदी भजी तळून उरलेल्या तेलापासूनही ते करता येतं. त्यात सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2002 साली ट्रकच्या इंजिनांवरच्या अनेक चाचण्यांचा हिशेब मांडला. डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल घातलं, तर धुरातले कण सुमारे 10 टक्क्यांनी घटले. पण नायट्रोजनची ऑक्साइडं सुमारे 2 टक्क्यांनी वाढली! हे वायूही श्वासनलिकेला त्रास देतात.

म्हणजे उतारा आहे, पण रामबाण नाही. 2020 पासून नव्या मोटारी, बस आणि ट्रक यांना भारत स्टेज 6 हे कडक नियम लागले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणाऱ्या गाळण्या आल्या. जुन्या इंजिनांचं काय? त्यांचा हवेचा फिल्टर साफ ठेवणं आणि ट्रॉलीत बेताचाच ऊस भरणं, हे तर आजही जमण्यासारखं आहे. घरी ट्रॅक्टर असेल तर बाबांना, काकांना नक्की सांगा.

आता एक गणित. एक लिटर इथेनॉलमधून डिझेलच्या साधारण तीन-पंचमांश ऊर्जा मिळते. मग 60 लिटर डिझेलचं काम करायला किती लिटर इथेनॉल लागेल? आणि तेवढा ऊस पिकवायला पाणी किती? पहिलं उत्तर वहीत काढा. दुसरं मात्र घरच्या शेतकऱ्याला विचारा!